घराला लागून टर्फ आहे? मैदानाच्या त्रासाविरुद्ध दाद कशी मागायची

शहरातला रिकामा प्लॉट फार दिवस रिकामा राहत नाही. इमारतीचं घोडं परवानगीपाशी अडलेलं असतं, तेवढ्यात मालक तिथे हिरवी चटई अंथरतो, चारी बाजूंनी नेट लावतो, खांबांवर फ्लडलाइट चढवतो आणि तासाच्या हिशेबाने स्लॉट विकायला लागतो. पहिल्या शनिवारी रात्री बाराला कुणीतरी ‘हाऊझॅट’ ओरडतं आणि शेजारच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो: हे बंद कसं करायचं?

दिवाणी कोर्टात वकिली करताना या प्रश्नावर मी जो पहिला सल्ला देतो तो अशिलांना सहसा आवडत नाही. मैदान बंद करा अशी मागणी करूच नका. दहाला दिवे बंद, वरून नेट, स्पीकर नाही, अशी मोजूनमापून केलेली मागणी कोर्टात टिकते. ‘सगळंच बंद करा’ म्हटलं की न्यायाधीशांसमोर एका बाजूला तुमची झोप आणि दुसऱ्या बाजूला खेळणारी पोरं, एखाद्याची गुंतवणूक, तिथल्या चार जणांचा रोजगार, असा तराजू उभा राहतो. तो तुम्ही स्वतःहून का उभा करायचा? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका धोरणाभोवती आहेत.

आधी त्रासाची फोड करा

‘टर्फचा त्रास’ या एका शब्दात पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं दार वेगळं आहे.

चेंडू आत येणं हा सगळ्यात सरळ भाग. काच फुटली, कुंडी फुटली, कुणाला लागलं, तर ते दिसतं, मोजता येतं. चेंडू कोणता हेही बघा. टेनिस बॉल साधारण ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक. गॅलरीत आजोबा बसत असतील तर हा फरक जिवाशी आहे.

आवाजाचेही दोन प्रकार करा. स्पीकर, माईक, कॉमेंट्री, डीजे हा एक. माणसांचा आरडाओरडा, शिट्ट्या, शिव्या, बॅटचा ठोका हा दुसरा. पहिल्यासाठी नेमका नियम आहे आणि पोलीस त्यावर हलू शकतात. दुसरा बहुतेक वेळा दिवाणी कोर्टातच सुटतो. प्रकाशाचा त्रास खरा असतो, पण आवाजासारखी डेसिबलची मर्यादा दिव्यांसाठी आपल्याकडे नाही, त्यामुळे तिथे फोटो आणि सौजन्य जास्त कामाला येतं. धुळीची तक्रार मातीच्या मैदानांची. दादरच्या शिवाजी पार्कच्या लाल मातीबद्दल तिथले रहिवासी वर्षानुवर्षं बोलताहेत. पार्किंग, गेटसमोर उभ्या बाइक, रात्री रस्त्यावर चालणाऱ्या गप्पा हा वाहतूक पोलिसांचा आणि स्थानिक पोलीस ठाण्याचा विषय. तो दाव्यात आणून गुंता वाढवू नका.

एक आणखी फोड. टर्फ तुमच्याच सोसायटीच्या मोकळ्या जागेत किंवा गच्चीवर असेल, समितीनेच भाड्याने दिलं असेल, तर भांडण शेजाऱ्याशी नाही, सोसायटीशी आहे. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा रस्ता लागू शकतो. हा लेख त्यासाठी नाही.

कोर्ट नेमकं काय बघतं

तुमच्या घराच्या उपभोगात दुसऱ्याच्या जागेवरच्या कृतीमुळे अवाजवी आणि ठळक अडथळा आला, तर तो खाजगी उपद्रव. आवाज झाला एवढ्याने उपद्रव सिद्ध होत नाही. किती वाजता, किती वेळ, आठवड्यातून कितीदा, वस्ती कोणत्या प्रकारची, हे बघतात. मोजमाप साधारण माणसाचं असतं. दिवसा झोपणाऱ्या रात्रपाळीवाल्याला किंवा परीक्षेच्या अभ्यासाला पूर्ण शांतता हवी, म्हणून संध्याकाळी सहाचा खेळ उपद्रव ठरत नाही. रात्री अकराचा ठरू शकतो.

आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा लिहिलेला नाही. इंग्लंडमधून आलेली तत्त्वं आपली कोर्टं वापरतात, आणि गंमत अशी की त्यातले महत्त्वाचे दोन निकाल क्रिकेटचेच आहेत. मँचेस्टरमधल्या एका क्लबच्या मैदानातून आलेला चेंडू १९४७ मध्ये रस्त्यावरच्या एका बाईंना लागला. प्रकरण बोल्टन विरुद्ध स्टोन म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, गेलं आणि १९५१ मध्ये क्लब जिंकला. जवळपास तीस वर्षांत चेंडू साधारण सहाच वेळा रस्त्यावर गेला होता, एवढ्या विरळ धोक्यासाठी क्लबला हलगर्जी ठरवता येणार नाही, असं लॉर्ड्सनी म्हटलं. तिथवर मुद्दा हलगर्जीपणाचाच उरला होता, उपद्रवाचा नव्हे. पण मोजणीचं महत्त्व दोन्हीकडे तेच.

दुसरं मिलर विरुद्ध जॅक्सन, १९७७. डरहॅम परगण्यातल्या लिंट्झ गावात सुमारे सत्तर वर्षं क्रिकेट चालू होतं. १९७२ मध्ये मैदानाला लागून घरं झाली आणि सिक्सर अंगणात पडायला लागले. क्लबने कुंपण जवळपास १५ फुटांपर्यंत नेलं, नुकसान भरून द्यायची, न फुटणाऱ्या काचा बसवायची तयारी दाखवली. तीनपैकी दोन न्यायाधीशांनी हा उपद्रव आहे आणि हलगर्जीपणाही आहे असं ठरवलं. तरीही मनाई हुकूम मिळाला नाही. ४०० पौंड भरपाई मिळाली आणि क्रिकेट चालू राहिलं. तिघांतले एक न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांचं गावच्या क्रिकेटवरचं प्रेम त्या निकालात ओसंडून वाहतं. ते वाचायला छान आहे, पण अंगणात मूल खेळवणाऱ्या घरमालकाने वाचलं तर डोकं फिरेल.

या दोन निकालांतून माझ्या अशिलांना मी दोनच गोष्टी सांगतो. चेंडू मोजा. आणि जिंकूनही मैदान चालूच राहील अशी तयारी ठेवा.

‘टर्फ आधी होतं, तुम्ही नंतर फ्लॅट घेतला’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. घाबरू नका. १८७९ च्या स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन या निकालापासून तत्त्व असं आहे की उपद्रवाजवळ राहायला आलात म्हणून तुमचा हक्क जात नाही. वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा तोच त्रास चालू असेल तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या आधारे समोरचा चिरभोगाचा, म्हणजे दीर्घ वहिवाटीतून मिळालेला, हक्क सांगू शकतो. कालपरवा उभं राहिलेलं टर्फ त्यात बसत नाही. शाळेचं जुनं मैदान मात्र बसू शकतं. आणि हक्क गेला नाही तरी ‘नंतर आलात’ या गोष्टीचा परिणाम कोर्ट काय आणि किती देतं यावर होतो, हे मिलर प्रकरणात दिसलंच.

नोंदवही

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि खटला बहुधा हिच्यावरच जिंकला किंवा हरला जातो. ‘रोज रात्री उशिरापर्यंत असह्य गोंगाट’ हे वाक्य प्रत्येक तक्रारीत असतं आणि उलटतपासणीत ते दोन मिनिटं टिकत नाही. मला हवी ती नोंद अशी:

“शुक्रवार, रात्री १०.४० ते ११.५०. दोन संघ, शिट्टी, प्रत्येक विकेटला ओरडा. बेडरूमची खिडकी बंद, पंखा चालू, तरी शब्द कळत होते. मुलगी ११.१५ ला उठून हॉलमध्ये आली. ११२ वर फोन ११.२५. गाडी ११.५० ला आली, खेळ थांबला. १२.१० ला पुन्हा सुरू, १२.४५ ला दिवे बंद.”

“रविवार, सकाळी ९.१५. चेंडू पश्चिमेच्या नेटवरून गॅलरीत. टेनिस बॉल, लाल टेप गुंडाळलेली. तुळशीची कुंडी फुटली. चेंडूचा आणि कुंडीचा फोटो. चेंडू परत दिला.”

यात विशेषण एकही नाही. वेळ, काय घडलं, घरात काय परिणाम झाला, पुढे काय केलं. निदान सहा आठवडे लिहा, आणि शांत गेलेले दिवसही लिहा. ‘मंगळवार, खेळ ९.४५ ला संपला, त्रास नाही’ अशी एखादी नोंद बाकीच्या सगळ्या नोंदी खऱ्या वाटायला मदत करते. दोन-तीन फ्लॅटनी स्वतंत्र वह्या ठेवाव्यात. एकाच्या वहीवरून दुसऱ्याने उतरवलेली वही लगेच ओळखू येते.

आलेला चेंडू ठेवून घेऊ नका. तो चिरून परत फेकणाऱ्या काकांबद्दल मला व्यक्तिशः सहानुभूती आहे, पण कोर्टात तेच काका प्रतिवादीचे सर्वोत्तम साक्षीदार ठरतात.

व्हिडिओ काढताना खिडकी, घड्याळ आणि मैदान एका चौकटीत येईल असं बघा. खेळणाऱ्या मुलामुलींचे चेहरे ग्रुपवर टाकू नका. मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून गेलेली प्रत दबलेली असते. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहायची असते. फोन बदलायचा असेल तर आधी वकिलाला विचारा.

आवाज मोजणं

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचं शांतता क्षेत्र असेल तर ५० आणि ४०. खाजगी जागेतल्या स्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये.

फोनवरचं ॲप अंदाजासाठी ठीक आहे, पुरावा म्हणून लंगडं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेट केलेल्या मीटरने मोजून घेतलेला एक अहवाल शंभर स्क्रीनशॉटला भारी पडतो. मोजणी दोनदा करायची: खेळ चालू असताना, आणि तितक्याच वाजता मैदान बंद असताना. हे दुसरं मोजमाप लोक हमखास विसरतात. आपल्या शहरांत रस्त्याचा आवाजच कित्येकदा ४५ च्या वर असतो, मग समोरचा वकील म्हणतो, ही तर रिक्षांची घरघर. मैदान बंद असताना ४८ आणि चालू असताना ६२ असं कागदावर आलं की त्या युक्तिवादातली हवा जाते.

अजून एक अडचण माहीत असू द्या. नियमातली मर्यादा ही ठराविक वेळेची सरासरी असते. पाच मिनिटं शांतता आणि मग दहा जणांची एक किंकाळी, याची सरासरी बरी दिसते, पण झोप मोडायला ती एक किंकाळी पुरते. म्हणून अहवालात सरासरीबरोबर कमाल आकडाही मागून घ्या. सरासरी मर्यादेत असली तरी दिवाणी दावा तेवढ्याने पडत नाही. उपद्रव आहे की नाही हे कोर्ट सगळी परिस्थिती बघून ठरवतं.

कागद काढा

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस. महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे हे विचारा: या सर्व्हे नंबरवर क्रीडांगण किंवा टर्फ चालवायला कोणती परवानगी, कोणत्या तारखेला, कोणत्या अटींवर दिली, परवानगीची प्रत, विकास आराखड्यात ही जमीन कोणत्या वापराची, टर्फच्या वेळेबद्दल शहरात एखादा आदेश किंवा धोरण आहे का, आजवर आलेल्या तक्रारी आणि त्यावरची कार्यवाही. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक ऑनलाइन काढा म्हणजे जमिनीचा मालक कळतो. मालक एक, चालवणारा दुसरा आणि स्पर्धा भरवणारा तिसरा, असं बहुतेक ठिकाणी असतं.

परवानगीत ‘रात्री दहापर्यंत’ अशी अट निघाली तर अर्धं काम झालं. परवानगीच नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली अनधिकृत वापरावर नोटीस काढण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला आहे, आणि तसा लेखी अर्ज तुम्ही देऊ शकता. पण परवानगी आहे म्हणून तुमचा दावा संपत नाही. परवाना हा मैदान चालवायचा असतो, शेजाऱ्याची झोप मोडायचा नसतो.

बोलणी आणि पहिलं पत्र

शनिवारी रात्री, खेळ रंगात असताना, पायजम्यात जाऊन भांडू नका. मंगळवारी दुपारी चारला जा, मालकाला भेटा, सोबत सोसायटीच्या सेक्रेटरी बाई असतील तर उत्तम. टर्फवाल्यालाही आपली बाजू असते: संध्याकाळी सातनंतरचे स्लॉट त्याचं पोट भरतात, कारण नोकरी करणारी मंडळी तेव्हाच मोकळी असतात. त्यामुळे ‘आठला बंद करा’ म्हणालात तर बोलणं तिथेच संपतं. दहाची सीमा, बाहेरच्या गप्पांना आवर, आपल्या बाजूच्या फ्लडलाइटला झापड, त्या बाजूचं नेट उंच आणि वरून झाकलेलं, स्पर्धा महिन्यातून ठरलेल्या दिवशीच आणि आठवडाभर आधी कळवून, एवढ्यावर बरेच मालक येतात. नेटचा आणि झापडांचा खर्च एकदाचा असतो; कोर्टाच्या तारखांचा नसतो.

भेटीनंतर पत्र द्या, पोच घ्या. भाषा अशी ठेवा:

“आमच्या बी विंगच्या पूर्वेकडील फ्लॅटच्या खिडक्या आपल्या मैदानाकडे उघडतात. सोबतच्या नोंदीप्रमाणे गेल्या सहा आठवड्यांत १९ रात्री खेळ दहानंतर चालू होता व ११ वेळा चेंडू आवारात आला. आमचा खेळाला विरोध नाही. खालील चार गोष्टी पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत कराव्यात, तोवर दहानंतरचे स्लॉट देऊ नयेत, ही विनंती. याबाबत बसून बोलण्यास आम्ही तयार आहोत.”

आकडे अर्थात तुमच्या वहीतले घाला. ‘खेळाला विरोध नाही’ हे वाक्य नक्की ठेवा, कारण सहा महिन्यांनी हेच पत्र न्यायाधीश वाचणार आहेत.

जुळलं तर करार लेखी करा. दोन्ही बाजू तयार असतील तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवा. तिथल्या तडजोडीला दिवाणी हुकुमनाम्याचं बळ असतं. नुसत्या स्टँपपेपरवरच्या करारापेक्षा हे कितीतरी बरं. याच प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, हेही लक्षात ठेवा.

पोलीस, प्रांत, महापालिका

स्पीकर दहानंतर चालू असेल तर थेट ११२. दर वेळी फोन करा आणि वेळ वहीत लिहा. ‘नाव सांगा, मग बघू’ असं म्हटलं गेलं तर घाबरून फोन ठेवू नका: ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या निकालातही सांगितलं आहे. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, प्रत पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयाला. नियमभंगासाठी पर्यावरण (संरक्षण) अधिनियमातला दंड २०२३ च्या दुरुस्तीनंतर १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ मधला सार्वजनिक उपद्रवाचा दंड मात्र जास्तीत जास्त १,००० रुपये. कित्येक टर्फवर एका तासाचं भाडंही त्याहून जास्त असतं.

पूर्ण वस्तीलाच त्रास असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, प्रांताधिकारी किंवा कार्यकारी दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतात. अर्जावर वेगवेगळ्या इमारतींतल्या, शक्यतो वेगवेगळ्या दिशांच्या घरांच्या सह्या घ्या. दोन घरांचं भांडण घेऊन गेलात तर ‘दिवाणी कोर्टात जा’ असं उत्तर मिळेल, आणि ते बरोबरच असेल.

एखाद्या ‘चषका’ची स्पर्धा असली की सगळ्यांचेच फोन जरा जड होतात, हे कुणाला सांगायला नको. अशा वेळी स्पर्धेच्या आधीच अर्ज द्या, ध्वनिक्षेपकाचा परवाना कोणी, किती वाजेपर्यंत घेतला ते विचारा. आदल्या दिवशीचा पोच असलेला कागद स्पर्धेच्या रात्री केलेल्या फोनपेक्षा जास्त बोलतो.

नोटीस आणि दावा

आता वकिलाची नोटीस. जमीनमालक आणि टर्फ चालवणारा, दोघांनाही. प्रतिवादींत महापालिका येत असेल तर महापालिका कायद्याप्रमाणे दाव्याआधी एक महिन्याची, सरकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर सूट मागता येते, पण ते वकिलावर सोडा. नोटिशीनंतर थोड्याच दिवसांत समोरून कॅव्हेटची प्रत येऊ शकते. लोक ती बघून हादरतात. तिचा अर्थ एवढाच की आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. ती ९० दिवस चालते.

वादी कोण असावेत? सोसायटी दावा करत असेल तर ठराव आणि सेक्रेटरीला अधिकार देणारं पत्र हवं. शिवाय सर्वाधिक त्रास असलेल्या दोन-तीन फ्लॅटधारकांना वादी करा, कारण झोप सोसायटीची मोडत नाही, माणसांची मोडते. भाडेकरूही घराच्या ताब्याच्या जोरावर दावा करू शकतो. सुट्टीला आलेला पाहुणा नाही.

वेळ दवडू नका. त्रास चालू आहे तोवर मुदतीचा प्रश्न सहसा येत नाही, मुदत कायद्याच्या कलम २२ मुळे. पण स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ च्या कलम ४१ मध्ये मनाई नाकारण्याची जी कारणं आहेत, त्यात वादीची मूक संमती हे एक आहे. दोन वर्षं त्याच टर्फवर सोसायटीची वार्षिक टूर्नामेंट भरवून मग दावा लावलात तर फोटो निघतील. त्याच कलमात असंही आहे की जी गोष्ट उपद्रव ठरेल हे पुरेसं स्पष्ट नाही, ती उपद्रव म्हणून थांबवता येत नाही. म्हणजे टर्फचं काम नुकतं सुरू झालंय, अजून एक चेंडूही पडलेला नाही, अशा वेळी मनाई मिळणं कठीण. तेव्हा परवानगीच्या बाजूने हरकत घ्या.

दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज जातो. प्रथमदर्शनी केस, सोयीगैरसोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान, हे तीन मुद्दे. तोलाच्या मुद्द्यावर सुरुवातीचा सल्ला कामाला येतो. माझ्या मसुद्यात मागणी साधारण अशी असते: रात्री १० ते सकाळी ७ खेळ व दिवे बंद ठेवावेत, वादींच्या हद्दीकडील बाजूस तज्ज्ञाने सुचवलेल्या उंचीचं व वरून बंदिस्त नेट लावेपर्यंत त्या बाजूची खेळपट्टी वापरू नये, ध्वनिक्षेपक लावू नये, फ्लडलाइटचा झोत वादींच्या खिडक्यांवर पडणार नाही असा वळवावा. यातल्या एकाही वाक्यात ‘मैदान बंद’ नाही. इंग्लंडमध्ये १९८० च्या केनावे विरुद्ध थॉम्पसन या मोटरबोट शर्यतींच्या खटल्यात अपील न्यायालयाने याच धर्तीवर हुकूम दिला: हंगामात किती आणि किती दिवसांच्या स्पर्धा, एरवी ७५ डेसिबलची सीमा. आपल्याकडेही २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्कला शांतता क्षेत्र ठरवलं, आणि तिथलं क्रिकेट मात्र चालूच आहे.

कोर्ट कमिशनरचा अर्ज जरूर द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ नियम ९ खाली नेमलेला कमिशनर जागेवर येऊन नेटची उंची, अंतर, खिडक्यांच्या दिशा टिपतो. तो बहुधा दिवसा येतो, म्हणून अर्जातच ‘रात्री साडेनऊ ते साडेदहा’ अशी पाहणीची वेळ मागा.

भरपाईबद्दल फार आशा धरू नका. फुटलेल्या काचेची पावती, डॉक्टरचं बिल, दुहेरी काच बसवल्याचा खर्च, एवढं पुराव्यानिशी मागता येतं. ‘मानसिक त्रासाचे पन्नास लाख’ लिहिलं की कोर्ट फी वाढते आणि दाव्याचं वजन कमी होतं.

हुकूम मिळाल्यावर

वही बंद करू नका. तात्पुरत्या मनाईचा भंग झाला तर त्याच संहितेच्या ऑर्डर ३९ नियम २-अ खाली मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, पण भंग कधी, किती वाजता, कसा, हे तुम्हालाच दाखवायचं असतं. हुकुमाची प्रमाणित प्रत पोलीस ठाण्यात पोच घेऊन द्या, म्हणजे ११२ ची गाडी आली की तिच्यासमोर कागद ठेवता येतो.

तडजोडीच्या पुरशीसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) किंवा मागणीत एक ओळ आवर्जून घाला: हा हुकूम प्रतिवादी, त्यांचे भाडेकरू, चालक, स्पर्धा आयोजक आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या सर्वांवर बंधनकारक राहील. टर्फचा चालक दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतो, पाटी बदलते, आणि नवा माणूस म्हणतो, ‘ते आधीच्यांचं होतं.’ ही ओळ असली की त्याच्या हातात प्रत ठेवता येते. नसली की नोटिशीपासून पुन्हा सुरुवात.